हिरामणच्या पिकअपचं खाकरणं

मोरिवलीत पहाटे पहिला आवाज कुणाचा, यावर पूर्वी वाद व्हायचा. कुणी म्हणायचं कोंबड्याचा, कुणी म्हणायचं कंपनीच्या भोंग्याचा. गेल्या दिवाळीनंतर तो वाद कायमचा मिटला. पहिला आवाज हिरामणच्या पिकअपचा.

आवाज सांगायचा तर असा. चावी फिरवली की आधी एक 'टक्'. मग फरशीवरून कुणी लोखंडी कपाट ओढत न्यावं तसा 'खर्रर्र'. मग क्षणभर शांतता, त्या शांततेत हिरामणची एक बारीक शिवी, पुन्हा 'खर्रर्र', आणि मग कुठे इंजिन धडधडायला लागायचं. एकदा लागलं की दिवसभर तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कपाट ओढायला सुरुवात.

"काय नाय, खाकरते," हिरामण सांगायचा. "थंडीत कोण खाकरत नाय?"

थंडी गेली. होळी झाली. आंब्याला कैऱ्या लागल्या. पिकअप खाकरतच राहिली. मग "सवय लागली तिला" असं हिरामणचं नवं म्हणणं पडलं. आपण घोरतो हे जसं कुणी कबूल करत नाही, तसं हिरामणने तो आवाज आवाज म्हणून कधी कबूलच केला नाही.

त्याची आणि पिकअपची सोबत जुनी. बापाची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तिच्या बदल्यात लागलेली नोकरी कारखान्यासकट गेली, आणि हाताशी उरलं त्यात त्याने ही पिकअप घेतली, तीही वापरलेली. तिचा मूळ रंग पांढरा होता, असं तिच्या कागदांवरून कळतं. पहाटे वांगणीला जायचं, तिथल्या शेतकऱ्यांची भेंडी, काकडी, गवार भरायची, उल्हासनगरच्या बाजारात उतरवायची. मग दिवसभर तिथल्याच कॅम्प तीनच्या गल्ल्यांतून जीन्सची गाठोडी एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात. संध्याकाळी पिकअपला भेंडीचाही वास यायचा आणि कोऱ्या कापडाचाही, आणि हिरामणलाही अगदी तस्साच.

माणसांशी तो कमी बोलायचा. त्याची बायको बनूबाई म्हणायची, "माझ्याशी बोलायला यांना शब्दामागं भाडं पडतं. त्या डबड्याशी मात्र गप्पा फुकट." खोटं नव्हतं ते. डिझेल भरून झालं की तो बॉनेटवर थाप मारून विचारायचा, "पोट भरलं?" चढ चढून आल्यावर विचारायचा, "दमलीस?" लेकीच्या, अक्षदाच्या वाट्यालाही आयुष्यभर हेच दोन प्रश्न आले, मात्र तेवढ्याच मायेने.

ही अक्षदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं हिमानी. नाव सासरच्या बदलापूरकरांनी पत्रिका बघून काढलेलं. पण त्यातलं 'हि' आपल्या नावातलं, हे हिरामणने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, आणि वांगणीच्या भेंडीवाल्यांपासून कॅम्प तीनच्या शिंप्यांपर्यंत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

हिमानीची झोप हा घरात कौतुकाचा विषय होता. कंपनीचा भोंगा वाजो, कुकरची शिट्टी होवो, खिडकीखाली कुत्री भांडोत, पोरगी ढिम्म. फक्त पहाटे पिकअपने 'खर्रर्र' केलं की दोन्ही मुठी वर, चेहरा लालबुंद आणि टाहो. रात्रभर पाजून पाजून दमलेल्या अक्षदाचा डोळा नेमका तेव्हाच लागलेला असायचा. मग ऊन खिडकीत येईपर्यंत मायलेकी जाग्या.

हिरामणला यातलं काही ठाऊक नव्हतं. खाकरून झालं की पिकअप निघायची, आणि नातीचं रडणं इंजिनाच्या धडधडीत बुडून जायचं.

त्याला कळलं ते एका रविवारी, जेवताना. अक्षदाची सासू, म्हणजे जावई समीरची आई नीलिमाताई, फोनवर होती, पडद्यावर तोंड दाखवून बोलत होती.

"अगं, डोळे बघ तुझे, किती खोल गेलेत! ती गाडी रोज अशीच ओरडते का गं पहाटे?"

"रोज," अक्षदा म्हणाली.

"मी म्हणते, इकडेच ये तू. आमच्या वरच्या मजल्यावर कसला आवाज नाही की काही नाही. समीर येत्या रविवारी गाडी घेऊन येईल, मीही येते. उरलेला सव्वा महिना इथेच काढ. तुझ्या आईबाबांना वाईट वाटेल, पण बाळाची झोप महत्त्वाची ना?"

बाई वाईट नव्हती. तिच्या आवाजात काळजीच होती. हिरामण वाट बघत होता अक्षदाच्या 'नाही'ची. अक्षदा म्हणाली, "बघते, आई."

आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा हिरामणच्या बोटांत तसाच राहिला आणि मऊ होऊन ताटात पडला.

फोन बंद झाल्यावर बनूबाई आतून कडाडली, "सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर? आमच्यात नाय तसं."

"आई, मी तरी काय करू? झोप नाय गं होत," अक्षदा म्हणाली आणि रडायलाच लागली.

हिरामणला खूप काही बोलायचं होतं. राहा म्हणायचं होतं. तुझ्या पोरीला अजून मी धड मांडीवरसुद्धा घेतलेली नाय म्हणायचं होतं. तो म्हणाला, "आवाज बघतो."

"कोणता आवाज?" बनूबाई म्हणाली. "तुम्ही तर बोलता, आवाजच नाय."

"तोच. नसलेला."

दुसऱ्या दिवसापासून हिरामण कामाला लागला. पहिली युक्ती सोपी होती. घर गावदेवीच्या देवळाच्या चढावर. पिकअप न्यूट्रलला टाकली की उतारावरून मुकाट मागे घरंगळते. ती पार खाली न्यायची आणि तिथे चावी फिरवायची. घरातली झोप शाबूत. त्याने तसं केलं. पिकअप खाली आली, चावी फिरली, 'टक्', 'खर्रर्र'. खालच्या घराच्या गॅलरीत भीमराव कंबरेला टॉवेल गुंडाळून उभा राहिला.

"काय रे हिरामण, नातीला झोपवतोस नि आम्हाला उठवतोस? आम्ही काय कुणाची नातवंडं नाय?"

ती युक्ती तिथेच संपली. मग हिरामण पिकअप घेऊन कॅम्प तीनला धर्मेशच्या गॅरेजमध्ये गेला. धर्मेश तिथेच जन्मलेला, घरी सिंधी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि हिरामणशी दोन्हींची मराठी. वर्षानुवर्षं पिकअपचं दुखणंखुपणं त्याच्याकडेच.

"ऐकव," धर्मेश म्हणाला.

हिरामणने चावी फिरवली. पिकअप एका दमात सुरू झाली. बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा एका दमात. पाहुण्यांपुढे शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखी पिकअप नुसती घुरघुरत उभी राहिली.

"भाऊ, गाडी एकदम मख्खन आहे. आवाज किधर है?"

"पहाटेचा येतो."

"मग पहाटेच्या डॉक्टरला दाखव ना."

हिरामणने दुसऱ्या दिवशी पहाटे मोबाईलवर आवाज पकडून आणला. धर्मेशने कानाला लावून ऐकला. त्यात सुरुवातीला बराच वेळ हिरामणच होता, "ऐक हां, आता येईल, ऐक," मग कोंबडा, मग बनूबाईचं "अहो, चालू करा नायतर बंद करा एकदाचं," आणि त्याच्या मागे कुठेतरी मिक्सरमध्ये सुपारी टाकल्यासारखा आवाज.

"हे मिक्सर आहे की गाडी?" धर्मेश म्हणाला. पण त्याने स्टार्टर उतरवला. साफ केला, आतली घासलेली छोटी गरारी, म्हणजे दातेरी चाक, बदलली, परत बसवला. "आता बाळ झोपेल," म्हणाला. "माझी गॅरंटी."

दुसऱ्या पहाटे पिकअप खाकरली ती आधीपेक्षा ठसक्यात.

शनिवारी दुपारी हिरामण जेवायला घरी आला तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हता. म्हणजे रोजच्यासारखाच होता, पण आज ते कळत होतं. अक्षदाची बॅग भिंतीशी उघडी पडलेली होती आणि तिच्यात दुपट्यांच्या घड्या दिसत होत्या. उद्या रविवार.

अक्षदा हिमानीला थोपटत आतल्या खोलीतून म्हणाली, "बाबा, काल तू गेला नव्हतास का वांगणीला?"

"गेलो की. का?"

"काल आवाज नाय आला. हिमू झोपून होती. मी पण."

हिरामण घास घ्यायचा थांबला. जे घडतं ते माणसाच्या लक्षात येतं. न घडलेलं लक्षात राहायला जाग्या बाळंतिणीचेच कान लागतात.

"काल?" तो म्हणाला. "परवा रात्री तर भीमरावच्या पुतण्याची हळद होती."

"हो ना. तो डीजे कान फाटेपर्यंत वाजला, तरी ही झोपली. आणि सकाळी तुझी गाडी पण गप."

हळदीचा मांडव नेमका चढावर पडला होता, पिकअपच्या जागेवर. म्हणून हिरामणने त्या रात्री ती खाली सपाटीवर लावली होती, पाण्याचा टँकर उभा राहतो तिथे. एरवी ती जागा टँकरची. त्या दिवशी मांडवामुळे टँकर आलाच नव्हता. काल मांडव निघाला, पिकअप परत चढावर आली, आणि आज पहाटे परत 'खर्रर्र'.

हिरामणने तसाच उष्ट्या हाताने धर्मेशला फोन लावला. धर्मेशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, मी संध्याकाळी येतो. तू गाडी चालू कशी करतो ते नाही बघायचं मला. तू बंद कशी करतो ते बघायचंय. आणि भाभीला सांग, तांदळाची भाकरी."

संध्याकाळी धर्मेश स्कूटरवरून आला आणि चढावर बाजूला उभा राहिला. हिरामणने रोजच्यासारखी पिकअप आणली. नाक वर, देवळाकडे. इंजिन बंद केलं. पहिल्या गिअरमध्ये टाकली. ब्रेकवरचा पाय काढला. पिकअप वीतभर मागे सरकली, 'गचक' करत एक झोल खाऊन बसली.

"रोज असंच?" धर्मेशने विचारलं.

"रोज. पहिल्यापासून."

"आणि तोंड रोज वर?"

हिरामणला प्रश्नच कळला नाही. मोरिवलीच्या त्या चढावर गाडी लावणारा कुणीही नाक देवीकडेच करून लावतो. देवीसमोरून माणूस जसा पाठ न दाखवता मागच्या पावलांनी निघतो, तशाच तिथल्या रिक्षा, मोटारसायकली आणि हिरामणची पिकअप सकाळी रिव्हर्समध्ये निघतात. नव्या माणसाला वाटतं, गावात सगळ्यांचीच गाडी बिघडली आहे.

धर्मेश हसत हसत पायरीवर बसला. "अरे भाऊ! इंजिनाच्या चाकाला चारी बाजूंनी दात असतात. स्टार्टरची गरारी त्यात फसते आणि चाक फिरवते. तू रोज गाडी गिअरमध्ये टाकून चढावर सोडतो. ती मागे ओढते, इंजिनाला थोडं उलटं फिरवते, आणि रोज एकाच जागी अडकून बसते. म्हणजे सकाळी गरारी रोज त्याच दातांवर जाऊन आदळते. इतकी वर्षं! झिजले ना ते! तू न्यूट्रलमध्ये खाली नेली तरी इंजिन त्याच दातांवर. दिवसा बाजारात दुसरे दात येतात, म्हणून आवाज नाही."

"म्हणजे माझ्या लावण्यानं?"

"तुझ्या भक्तीनं," धर्मेश म्हणाला. "बघ."

त्याने चावी फिरवली. 'टक्', 'खर्रर्र'. आतून हिमानीचा टाहो आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो इंजिनाआधी हिरामणच्या कानांवर पडला. तो जागच्या जागी गोठला. एवढ्याशा जिवाचं एवढं रडणं, आणि रोज. बनूबाई हातात उलथनं घेऊन दारात आली.

"झालं समाधान? उठवलीत? आता या दोघांनी आत, नि झोपवा!"

"सॉरी भाभी, तपासणी होती," धर्मेश म्हणाला.

खरं काम मोठं होतं. गिअरबॉक्स उतरवायचा, दात असलेली रिंग तापवून काढायची, थोडी फिरवून परत बसवायची. त्याला गॅरेजमध्ये गाडी ठेवावी लागली असती, आणि सकाळी समीर यायचा होता.

"तोपर्यंत तोंड खाली कर," धर्मेश म्हणाला. "उताराकडे. मग गाडी पुढे ओढेल, इंजिन दुसऱ्या दातांवर बसेल. ते कोरे आहेत."

हिरामणने देवळाकडे बघितलं.

"नाहीतर गिअर नको. हँडब्रेक लाव."

"हँडब्रेक कधीच गेलाय. एकदा नुसता दगड लावला होता, तर भीमरावच्या तुळशीपर्यंत गेली."

तोंड खाली म्हणजे पाठ देवीकडे. त्यातून पिकअपच्या मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत ठळक रंगवलेलं, 'अंतर ठेवा'. गावदेवीला रोज रात्रभर पाठ दाखवायची, आणि वर सांगायचं अंतर ठेव.

"तू काय बोलतेस?" हिरामणने बायकोला विचारलं. लग्नानंतर हा प्रश्न त्याने फार वेळा विचारलेला नसावा, कारण बनूबाईने आधी मागे वळून बघितलं.

"मी काय बोलणार? देवी तुमची, गाडी तुमची. नात तेवढी दोघांची," ती म्हणाली आणि भाकरी करपली म्हणून आत पळाली.

धर्मेश जेवून गेल्यावर हिरामण थिनर आणि फडकं घेऊन फाळक्याशी बसला. 'अंतर' सहज निघालं. 'ठेवा'ने बराच वेळ घेतला. मग फाळका धुतला, पुसला, त्याला हळदकुंकू लावलं आणि तो देवळात गेला. दिवा लागलेला होता, पुजारी घरी गेलेला.

"आई," हिरामण म्हणाला, आणि पुढचं सुचेना. पिकअपशी बोलायची सवय होती, देवीशी नव्हती. तिच्यापुढे तो आजवर नुसता हात जोडून निघून यायचा. "आई, आजपासून गाडीची पाठ राहील तुझ्याकडं. माझी नाय. गाडीची. पोरगी उद्या जायला निघालीय. तिची झोप होत नाय." तो थांबला. मग एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि त्याला जरा धीर आला. "तू तर समोरच असतेस. तुझी तरी कुठं होत असंल?"

देवी काही बोलली नाही. हिरामणने ते संमती म्हणून घेतलं. स्वतः न बोलता आयुष्यभर त्याने कितीतरी गोष्टींना अशीच संमती दिली होती.

रविवारी पहाटे तो पिकअपमध्ये बसला. नाक खाली, उताराकडे. त्याने क्लच दाबला, चावी फिरवली. एक 'घुर्र', आणि इंजिन लागलं. पण हिमानी उठली की नाही, ते इंजिनाच्या धडधडीत कसं कळणार? म्हणून हिरामणने काय करावं? इंजिन बंद केलं आणि कान देऊन ऐकलं. घरात शांतता. मग त्याच्या लक्षात आलं की आता पुन्हा चालू करावी लागणार. खिडकीत बनूबाई उभी होती, तिने दोन्ही हातांनी 'जा, जा' केलं. हिरामणने डोळे मिटून चावी फिरवली. पुन्हा नुसतं 'घुर्र'. तो निघाला तो बदलापूर येईपर्यंत श्वास धरूनच.

वांगणीच्या माणसाने विचारलं, "काय हिरामणदादा, आज तब्येत बरी नाय?" बाजारात भेंडी उतरवताना त्याने एक पोतं दुसऱ्याच्याच गाळ्यावर टाकलं. जीन्सची गाठोडी उद्यावर ढकलली आणि तो घरी परतला.

चढाखाली समीरची गाडी उभी होती. हिरामणने पिकअप तिच्यामागे सपाटीवरच सोडली आणि पायी वर आला. दारात अक्षदाची बॅग होती. बंद केलेली, वर हिमानीची चटई गुंडाळून बांधलेली. हिरामण बॅगेकडे बघत उंबऱ्याबाहेरच थांबला. आत गेलं की मग निरोपच द्यायचा, असं वाटून पाय उचलेना.

"समीरराव कधी..." त्याने विचारायला सुरुवात केली, तशा आतून तीन बोटं तीन तोंडांवर गेली. समीर, नीलिमाताई आणि बनूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोहे खात होते. चमच्यांऐवजी हाताने, वाजू नये म्हणून.

"झोपल्यात दोघी," नीलिमाताई कुजबुजली. "आम्ही आलो तेव्हापासून. उठवायचा धीरच होईना हो."

"बाबा, आज गाडी काढली नाहीत?" समीरने तितक्याच हळू विचारलं. हिरामणने मान हलवली, ती हो होती की नाही होती ते त्यालाच कळलं नाही.

हिरामणने दाराच्या फटीतून आत डोकावलं. अक्षदा कुशीवर, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. तिच्या हाताच्या वळणात हिमानी, मुठी सैल सुटलेल्या. त्याच्यामागे नीलिमाताईही येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

अक्षदा आपणहून उठली तेव्हा ऊन पार अंगणात उतरलं होतं. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. दारात येऊन तिने आधी बापाला विचारलं, "बाबा, आज गेला नाहीस वांगणीला?"

"जाऊन आलो," हिरामण म्हणाला.

अक्षदा त्याच्याकडे बघत राहिली. मग खिडकीतून चढावरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग सासूकडे.

"आई, मी तयार होते दहा मिनिटांत," ती म्हणाली, पण पाय काही हलले नाहीत.

"कशाला?" नीलिमाताई म्हणाली. "इतकी छान झोप लागते तिथून बाळाला उठवून नेऊ? सव्वा महिना होऊ दे. मी येतच जाईन मधूनमधून. विहीणबाई, चालेल ना?"

"चालेल काय, पोहे अजून हायेत," बनूबाई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले ते कांद्याचं निमित्त करून, जरी कांदा कधीचाच चिरून झाला होता.

आत हिमानी उठली. तिचं रडणं आता नुसतं भुकेचं होतं, त्यात कुणावर राग नव्हता. अक्षदा तिला घेऊन बसली. हिरामणने दारातली बॅग उचलली आणि चवड्यांवर, एकेक पाऊल जपून टाकत आतल्या खोलीकडे निघाला.

"बाबा, आता उठल्यात दोघी," समीर म्हणाला. "आता कशाला हळू?"

हिरामण तसाच हळू चालत राहिला.